जर्मनीतल्या कोलोनचं लुडविग म्युझियम पहिल्यांदा बघताना

सोमवारी जाऊ नका, बंद असतं. स्टेशनातून बाहेर पडलात की समोर कॅथेड्रल, त्याला लागूनच हे म्युझियम. पिकासोच्या दालनांकडे सगळेच धावतात. तुम्ही आधी योझेफ हाउब्रिख या वकिलाचा संग्रह बघा. नाझींनी ‘विकृत’ ठरवलेली एक्स्प्रेशनिस्ट, म्हणजे भावना भडक रंगांत मांडणारी, चित्रं त्याने जपली आणि १९४६ मध्ये शहराला देऊन टाकली. हे माहीत असलं की ते रंग वेगळेच दिसतात, खरंच. तिथे निवांत बसा.

मग अमेरिकन चित्रकार लिश्टेनस्टाइनचं १९६५ मधलं ‘एम-मेबी’ हे चित्र शोधा. लांबून कॉमिकमधली मुलगी. चार पावलं पुढे गेलात की गालावर नुसते ठिपके. पुन्हा मागे या. माझा अर्धा तास तिथेच गेला होता. एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट धरू नका. आणि मोठी सॅक आधीच लॉकरमध्ये टाका.