मित्रांसोबत मुंबई ते रत्नागिरी सायकलने जायचंय, हायवेने जावं की किनाऱ्याच्या रस्त्याने? चढ झेपतील का?

किनाऱ्यानेच जा. हायवे म्हणजे मुंबई-गोवा, तिथे ट्रक, धूळ, ठिकठिकाणी डायव्हर्जन आणि वर कशेडी, परशुराम घाट, एवढं करून समुद्र दिसत नाही तो नाहीच. आम्ही चौघे मागच्या डिसेंबरात किनाऱ्याने गेलो, तिघे गिअरवाले आणि एक पठ्ठ्या साध्या बिनगिअरच्या सायकलवर (त्याला सांगून थकलो, ऐकेल तर शपथ).

पण किनारा म्हणजे सपाट, हे आधी डोक्यातून काढा. सह्याद्रीसारखा एक मोठा घाट नाही, छोट्या छोट्या घाट्या आहेत, आणि त्या संपतच नाहीत. खाडीपाशी समुद्रसपाटीला, मग जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर चढायचं, जरा वारा लागतो न लागतो तोच पलीकडे सगळी उंची घालवून परत पुढच्या खाडीत. त्यामुळे किलोमीटर मोजून प्लॅन करू नका, खाड्या मोजा. पुण्याकडे सपाटीवर शंभर मारणाऱ्याने इथे साठ-सत्तर धरावे.

रूट असा: भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या चढवून नेणारी मोठी बोट) मांडवा, सायकल सरळ बोटीत चढते. मग अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला परत बोट, सावित्री ओलांडली की वेश्वी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा सुरू. तिथून केळशी, आंजर्ले, हर्णै, आणि मग आसूदवरून दापोली, हा चढ लांबलचक आहे, दापोली आठशे फुटांच्या आसपास आहे आणि ते सगळे फूट दाभोळला उतरताना परत देऊन टाकायचे. दाभोळ-धोपावे बोट, गुहागर, मग हेदवीवरून तवसाळ, तिथून जयगडची बोट आणि गणपतीपुळ्यावरून रत्नागिरी.

मला विचाराल तर सगळ्यात वाईट पट्टा गुहागर ते तवसाळ. पालशेतला रस्ता असा खाली पडतो की ब्रेक दाबून दाबून बोटं आखडतात, आणि खाली गावात वळलात की लगेच समोर चढ उभा. आमचा बिनगिअरवाला उतरून शांतपणे सायकल ढकलत चालला होता आणि आम्ही सगळ्यात हलक्या गिअरवर तोंडाला फेस येईपर्यंत पायडल मारून त्याच्या जेमतेम दहा पावलं पुढे. वर टपरीवर एका आजोबांना विचारलं हेदवी किती राहिली, तर म्हणे हे काय, एक घाटी उतरलात की आलीच. कोकणात आलीच म्हणजे किमान तासभर, हे धरून चाला.

ग्रुपमध्ये वेगाचं टेन्शन घेऊ नका, बोटी आहेत ना. पुढे पळालेला जेटीवर अडकतोच, मागचा येईपर्यंत कोकम सरबत पिऊन होतं. फक्त शेवटची बोट किती वाजता ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, चुकली तर खाडीला वळसा म्हणजे अख्खा दिवस गेला. जेवणाचंही तेच, घरगुती खानावळीत ताटं आधी सांगावी लागतात, दुपारी दोनला अचानक चार भुकेले टपकले तर कोण भात टाकणार.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा, तेव्हाही दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून उजाडायच्या आत निघा आणि अकरानंतर चढ ठेवू नका. मागच्या कॅसेटमध्ये (मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्या) सगळ्यात मोठी चकती 32 दात्यांची असेल तर गुडघे वाचतील. ब्रेकचे रबर नवीन टाका. ट्यूब दोन-दोन घ्या, बारीक व्हॉल्ववाली असेल तर पंपही स्वतःचा, गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. खाऱ्या हवेने चेन लगेच गंजते, रोज रात्री पुसून तेल.

परतताना ट्रेन. रत्नागिरी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात सायकल बुक होते, पण तासभर आधी पोचा, आणि स्टेशन गावाबाहेर आहे, तिथेही चढ आहेच.