बातमीतला कर्ता

चि. मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची कात्रणं मिळाली. रुजू होऊन वर्ष व्हायच्या आत आपलीच बातमी उलटून तपासावीशी वाटते, हे चांगलं लक्षण. आमच्या डेस्कवर काही जणांना ते निवृत्त होईपर्यंत वाटलं नाही. तू विचारलंयस, "मॅडम, बायकांविषयी लिहिताना कोणते शब्द टाळायचे त्याची यादी द्या." यादी तर आयती मिळते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश-वकिलांसाठी अशी एक पुस्तिकाच काढली. कोणता शब्द साचेबद्ध, त्याऐवजी कोणता वापरावा, असे रकाने आहेत तिच्यात. ती जरूर जवळ ठेव. पण तुझ्या कात्रणांत त्या धाटणीचा एकही शब्द मला सापडला नाही, आणि तरी बातम्या एका अंगाला कलल्यात.

शब्द धुऊन घेता येतात रे. 'फेअर अँड लव्हली'ने २०२० साली नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' बसवला. एकूणच अशा जाहिरातींतून 'गोरी' गेली. 'तेज' आलं, 'निखार' आला. विकायची गोष्ट होती तिथेच. म्हणून मी शब्दाआधी वाक्य बघते, आणि वाक्यात आधी क्रियापद. मराठी क्रियापद काही पोटात ठेवत नाही. करणारा पुरुष की बाई, एक की अनेक, लिहिणाऱ्याला त्याच्याविषयी आदर किती, बरंच काही ओकून टाकतं. आणि करणारा वाक्यातून गायब असेल तर तेही तिथेच कळतं.

तुझा हंडा मोर्चा घे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, म्हणून बायका घागरी घेऊन सोलापूर महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीसमोर बसल्या. तू लिहिलंस: "संतप्त महिलांनी आक्रोश करत आपली व्यथा मांडली. माजी नगरसेवकांनी टँकर वाढवण्याची मागणी केली. पाणीपुरवठा लवकरच सुरळीत करण्यात येईल, असे आश्वासन देण्यात आले."

बायका आक्रोश करतात, व्यथा मांडतात. पुरुष मागणी करतो. आणि महापालिका? ती वाक्यात नाहीच. 'करण्यात येईल', 'देण्यात आले'. कोण करणार, कोणी दिलं, उद्या जाब कोणाला विचारायचा, काही पत्ता नाही. आता तू मला फोनवर काय सांगितलं होतंस ते आठव. त्यातल्या एक बाई म्हणाल्या होत्या, "रात्री दोनला पाणी सोडू नका, वेळ ठरवा आणि आदल्या दिवशी कळवा." ही व्यथा आहे का? ही नेमकी, अंमलात आणता येईल अशी मागणी आहे, टँकरवाल्या मागणीपेक्षा कितीतरी अक्कलहुशारीची. तीच तू गाळलीस, कारण 'महिला' आणि 'घागर' हे दोन शब्द एकत्र आले की हाताला 'आक्रोश' लिहायची सवय लागलेली असते. बाई 'टाहो फोडते', पुढारी 'भूमिका मांडतो'. एकदा महिनाभराचे अंक घेऊन बस आणि बायकांना कोणकोणती क्रियापदं मिळतात ते लिहून काढ. मी सांगण्यापेक्षा ते तुला जास्त शिकवेल.

'करण्यात आले' हा सरकारी खात्यांचा लाडका प्रयोग. प्रेसनोट तशीच येते आणि रात्री पानं लावायच्या घाईत तशीच लागते. पोलिसांनी लाठ्या मारल्या तर 'सौम्य लाठीमार करावा लागला'. लागला! जणू लाठीनेच त्यांना भरीस घातलं. जमावाने दगड मारले तर मात्र 'जमावाने दगडफेक केली', सरळ कर्त्यासकट. बळकटाच्या हातून घडलं की घटना आपोआप घडते. दुबळ्याच्या हातून घडलं की त्याचं बोट धरून दाखवतात. मी म्हणत नाही की तू प्रेसनोट फाडून टाक. 'पाणीपुरवठा अभियंत्यांनी सांगितले', एवढं लिही. हुद्दा लिहिला तरी वाक्यात माणूस येतो.

आता गुन्ह्याच्या बातम्या. इथे जरा थांबून बोलते.

"चारित्र्याच्या संशयावरून विवाहितेचा खून." हे हेडिंग तू दिलेलं नाहीस, उपसंपादकाने दिलंय, मान्य. पण बघ, चार शब्दांत काय काय झालं. मारणारा नाहीसा झाला. मेलेल्या बाईची ओळख एवढीच उरली की तिचं लग्न झालं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पहिलाच शब्द तिच्या चारित्र्याचा. हा संशय कोणाचा? मारणाऱ्याचा. तो पोलिसांना म्हणाला, पोलिसांनी लिहून घेतलं, आपण मोठ्या टायपात छापलं. ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे त्याचा बचाव आपण हेडिंगला बसवला, आणि जिला उत्तर द्यायचं ती तर गेली.

डेस्कवर विचारशील तर उत्तर तयार असेल: "आरोप सिद्ध झालेला नाही, पतीने खून केला असं कसं छापणार? नोटीस येईल." बरोबर आहे त्यांचं. कोर्टाआधी आपण निकाल द्यायचा नसतो. पण त्यासाठी कर्ता पुसायची गरज नाही. "पत्नीच्या खुनाच्या आरोपाखाली पती अटकेत." कायद्याला धरून आहे, सिंगल कॉलममध्ये दोन ओळींत बसतं, आणि वाचणाऱ्याला पहिल्या झटक्यात कळतं की कोणी कोणाला मारल्याचा आरोप आहे. संशयाची गोष्ट आत, चौथ्या-पाचव्या ओळीत, 'असे त्याने पोलिसांना सांगितल्याचे तपास अधिकाऱ्यांनी सांगितले' एवढं शेपूट लावून. शेपूट लांब आहे, पण ते हवंच.

तसंच 'सासरच्या जाचाला कंटाळून'. आपण सोलापूरकर उन्हाळ्याला कंटाळतो, नळाची वाट बघून कंटाळतो. रोज मार खाणारी, माहेरून पैसे आण म्हणून उपाशी ठेवलेली बाई कंटाळत नाही. 'कंटाळून' म्हटलं की तिचीच सहनशक्ती कमी पडली असा सूर लागतो. फिर्यादीत काय लिहिलंय ते लिही: पती आणि सासूवर छळाचा आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल. आणि 'एकतर्फी प्रेमातून हल्ला' यातलं प्रेम काढून टाक. नकार दिला म्हणून तरुणाने हल्ला केल्याची फिर्याद, इतकं साधं आहे ते.

लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने बंदी आहे, हे तुला ठाऊक आहे. नाव तू गाळतोस. पण मग गल्लीचं नाव, वडील कुठल्या कारखान्यात आहेत ते, मुलगी कितवीला, सगळं देऊन बसतोस. त्या गल्लीला नावाची गरज असते का?

तुझी विडी कामगारांवरची बातमी मला आवडली. तू शहराच्या पूर्व भागात गेलास, घरात बसलास, बघून लिहिलंस. रात्री भिजवून ठेवलेली तेंदूची पानं, पत्र्याच्या मापाने कात्रीचं कापणं, मांडीवरचं सूप, चिमूटभर तंबाखू, वळलेल्या विडीचं तोंड नखाने दुमडणं: हे सगळं नीट उतरलंय. मग शेवटी काय सुचलं कोण जाणे, "अशा प्रकारे फावल्या वेळात विड्या वळून या महिला संसाराला हातभार लावतात."

कुठला फावला वेळ? तूच वर लिहिलंयस की हजार विड्या पुऱ्या करायला दिवस जातो, कारखान्यात त्यातल्या काही नापास होतात आणि त्या मजुरीतून कापल्या जातात. आणि हातभार कोणाच्या कामाला? गिरण्या बंद पडल्यावर या शहरातली कितीतरी घरं याच सुपावर चालली. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी पान-तंबाखू नेऊन विड्या वळणारीलाही कामगारच म्हटलं. संसदेला जे तेव्हा कळलं ते आपल्या वर्तमानपत्री मराठीत अजून पुरतं उतरलेलं नाही. अपघातात पुरुष गेला की आपण न चुकता लिहितो, 'घरातला कर्ता पुरुष गेला'. विडीवाली गेली तर 'पश्चात पती, दोन मुले असा परिवार आहे'. व्याकरणातला कर्ता आणि घरातला कर्ता, दोन्हीकडून तिला वगळायचं म्हणजे फारच झालं.

कुंभारीचंच बघ. तिथे गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं २००६ साली उभी राहिली. 'महिलांना घरे मिळाली' असंही लिहिता येतं आणि 'महिलांनी घरे मिळवली' असंही. वर्षानुवर्षं मोर्चे काढून, आपल्या वाट्याची रक्कम भरून ज्यांनी ती घेतली, त्यांच्यासाठी यातलं कुठलं वाक्य खरं ते तूच ठरव.

त्याच बातमीत आणखी एक. कारखानदार 'म्हणाले', संघटनेचे नेते 'म्हणाले', आणि पंचावन्न वर्षांची कामगार 'म्हणाली'. तुझ्या आईच्या वयाची बाई. समोर बसून तू त्यांना 'अहो काकू' म्हणाला असशील, लिहिताना 'ती' झाली. नियम सोपा ठेव: अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला 'ते', प्रत्येकीला 'त्या'. आरोपींनाही एकच रूप, काय ते ठरवून. बंगल्यातला आरोपी 'त्यांना ताब्यात घेण्यात आले' आणि झोपडपट्टीतला 'त्याला पकडले', असं नको.

आणि नेत्याची अडखळती मराठी आपण गुपचूप नीट करून छापतो, त्या काकूंची तेलुगू वळणाची मराठी मात्र 'रंगत' म्हणून जशीच्या तशी. दोघांची नीट कर, नाही तर दोघांची ठेव. आपण तरी कुठे शुद्ध बोलतो? 'काय करलालास बे' म्हणत वाढलेली माणसं आपण. (जाता जाता: तेलुगूत एकवचनात बाईला आणि वस्तूला क्रियापदाचं एकच रूप असतं. म्हणून तेलुगू बोलणाऱ्या बायका दबलेल्या असतात म्हणावं, तर विडी कारखान्यासमोर त्यांची घोषणा ऐकून ये. व्याकरणावरून समाजाची कुंडली मांडणाऱ्यांपासून लांब राहा.)

मन वळवणाऱ्या भाषेविषयी तू विचारलंस. जाहिरातींपेक्षा सरकारी योजनांची नावं अभ्यासायला घे, तिथे कारागिरी जास्त आहे. २०२४ साली 'माझी लाडकी बहीण' आली, दरमहा दीड हजार. त्या वेळी संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही दरमहा दीड हजारच मिळत होते. रक्कम एकच, एका नावाने बाई 'निराधार' होते, दुसऱ्याने 'लाडकी'. पहिलं ऐकून मान खाली जाते, दुसऱ्याने गाल फुलतात, आणि पहिला हप्ता राखीपौर्णिमेच्या सुमाराला आला की भाऊ-बहिणीचं नातंही जुळून येतं. नाव ठेवणाऱ्याला मराठी घर आतून माहीत आहे, हे मान्यच करावं लागेल. पण बहिणीने भावाकडे हिशेब मागायचा नसतो, हेही त्या नात्यात आलंच. सगळेच पक्ष 'दादा', 'भाऊ', 'ताई' करतात. मतदार म्हणून कुणाला बोलावलं तर चुकल्यासारखं वाटेल, इतकी सवय झालीय. योजनेचं नाव तू छापणारच, ते अधिकृत आहे. पण 'बहिणींच्या खात्यात ओवाळणी जमा' हे तुझ्या पेपरचं वाक्य होतं, सरकारचं नव्हे. 'पात्र महिलांच्या खात्यात हप्ता जमा' लिहिलं असतं तर एक अक्षरही खोटं झालं नसतं.

जाहिरात विभागाच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. 'हेल्पर लेडीज पाहिजेत, कटिंग मास्टर पाहिजे' या छोट्या जाहिरातीत गारमेंटमधली अख्खी उतरंड आहे, हे तुझं निरीक्षण चोख आहे. त्यावर जाहिरात परत पाठवायचा अधिकार तुला नाही, पण बातमी तर करता येईल. लेडीज हेल्परची मास्टर का होत नाही, आठ-दहा कारखान्यांत जाऊन विचार.

वरिष्ठांशी यावरून वाद होईलच. तेव्हा 'स्त्रीवाद', 'संवेदनशीलता' असले शब्द काढू नकोस. लगेच 'आता हा आम्हाला शिकवणार' सुरू होतं. एवढंच म्हण, "सर, हेडिंगमध्ये कर्ता नाहीये." व्याकरणाची चूक दाखवली की जुना उपसंपादक निमूट चष्मा पुसतो आणि पेन उचलतो. पर्यायी हेडिंग अक्षरं मोजून तयार ठेव, बसत नाही म्हणायला जागा उरता कामा नये.

पुढची कात्रणं पाठव. घरी आईला नमस्कार सांग. कळावे.

तुझी,
मॅडम

ता. क. : नगरसेविकांना फोन लावला की यजमानच बोलतात, प्रतिक्रिया कोणाची छापू, हे विचारलेलं राहून गेलं. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना निम्म्या जागा २०११ पासून आहेत. निवडून त्या आल्या आहेत, हे नाहीत. "फोन त्यांच्याकडे द्या" म्हण. दिला नाही तर पुन्हा लाव. तरी नाहीच, तर छाप: "नगरसेविकांशी संपर्क साधला असता त्यांच्या पतीने फोन घेतला, नगरसेविकांची प्रतिक्रिया मिळू शकली नाही." दुसऱ्या दिवशी त्या स्वतः फोन करतील. त्यांचा नंबर तेव्हाच वेगळा लिहून घे.