लीगच्या पहिल्या मोसमाला निघालेल्या मुलीस

प्रिय पोरी,

करारावर सही झाली, आता इंडियन वुमेन्स लीग, देशातली महिलांची वरची फुटबॉल लीग. गोलांबद्दल तुला सगळेच सांगतील, मी आधी हिशेब सांगते. 2024-25 च्या मोसमात आठ संघ होते. घरचे-बाहेरचे मिळून प्रत्येकाला 14 सामने. एक मिनिटही बाहेर न बसता खेळलीस तरी 1260 मिनिटं. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, बऱ्यापैकी ताणली गेली की तीन-चार आठवडे जातात, आणि तेवढ्यात पाव मोसम संपतो. संघांनाही सावरायला वेळ मिळत नाही. 2023-24 ची विजेती ओडिशा एफसी पुढच्याच मोसमात खालच्या श्रेणीत गेली आणि ईस्ट बंगालने लीग जिंकली. म्हणून तयारी पहिल्या शिट्टीच्या आधीच झालेली हवी.

निदान आठ आठवडे आधी लाग. फिफाचा '11+' वॉर्मअप वीस मिनिटांचा आहे: आठ मिनिटं सावकाश धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटची दोन मिनिटं वेगात. घाई असली की नेमकी मधली दहा मिनिटं गाळली जातात, आणि गुडघा वाचतो तो त्यांच्यामुळेच. मुलींचं एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध, मुलांपेक्षा जास्त वेळा फाटतं. फाटलं की नऊ महिने तरी गेले. उडी मारून उतरताना तुझे गुडघे आत वळतात का, ते मैत्रिणीला समोरून मोबाईलवर टिपायला सांग. वळत असतील तर धावण्याचे किलोमीटर वाढवण्याआधी ते सुधार.

हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक. मैत्रीण घोटे धरते, तू गुडघ्यांवर बसून पाठ सरळ ठेवत पुढे झुकायचं, जमेल तितकं हळू. पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचचे दोन सेट. दुसऱ्यात दोनदा, सहा-सहाचे. तिसऱ्यापासून आठवड्यातून तीनदा, तीन सेट. पहिल्याच दिवशी तीस मारलेस तर चार दिवस जिना उतरता येणार नाही आणि तू हा व्यायाम कायमचा सोडशील. सामन्याच्या आठवड्यात नव्याने सुरू करणं तर शुद्ध वेडेपणा.

रक्त आत्ताच तपासून घे. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर डॉक्टरकडे जाच. बरोबर फेरिटिनही तपास, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि लोहाचा साठा मात्र तळाला गेलेला असतो. मग साठाव्या मिनिटाला पाय जड होतात आणि प्रशिक्षक म्हणतात, 'फिटनेस नाही.' लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तरच घे, आणि जेवणावर लगेच चहा नको.

दुपारी साडेतीनचा सामना, महिना मार्चचा, गाव केरळात किंवा तमिळनाडूत: हे गृहीत धर. सरावाआधी आणि नंतर वजन कर. जितके किलो कमी भरले त्याच्या दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत, थोडं थोडं, मीठ किंवा ओआरएससह. नुसतं पाणी ढोसलं की पोट डचमळतं आणि पेटके थांबत नाहीत. सामन्याआधीचं मुख्य जेवण तीन-चार तास आधी. भात-वरण चालतं, तळण नको.

पहिल्या मोसमात तू बहुधा बदली खेळाडू असशील, आणि याची तयारी जवळजवळ कुणीच करत नाही. बदल पाच करता येतात, पण खेळ थांबवून तीनच वेळा. मध्यंतरातला त्यात धरत नाहीत. त्यामुळे तुला कधी हाक येईल ते सांगता येत नाही. शिनगार्ड चढवलेलेच ठेव. मध्यंतरानंतर दर दहा मिनिटांनी रेषेबाहेर दोन-तीन पूर्ण वेगाच्या धावा काढ, नुसती जॉगिंग नको. जिच्या जागी जाणार आहेस ती कॉर्नरला कुणाला धरते, ते बाकावरूनच पाहून ठेव. बदली खेळाडू आल्या आल्या बसणारा गोल बहुतेकदा इथेच बसतो: जुनी बाहेर गेली, तिचं मार्किंग कुणीच उचललं नाही.

सर्दी-खोकल्याचं औषध मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नकोस. त्यात इफेड्रिन किंवा स्यूडोइफेड्रिन असू शकतं, आणि सामन्याच्या दिवशी ठरावीक मर्यादेपलीकडे ती दोन्ही बंद आहेत. उत्तेजक द्रव्यांच्या नियमांत 'सामन्याचा काळ' आदल्या रात्री 11:59 ला सुरू होतो. औषध घेण्याआधी संघाच्या डॉक्टरला विचार आणि वेष्टनाचा फोटो ठेव.

आता कागद. 2023 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ठरवलं की वरच्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान 3.20 लाखांचा करार द्यावा. त्या दहांत तू आहेस का, हे स्पष्ट विचार. लाजायचं काही कारण नाही. सही झालेली प्रत तुझ्याकडे हवी, फोटो चालणार नाही. दुखापतीचा खर्च कोण करणार, राहणं-जेवण पगारात धरलंय का, हे त्यात लिहिलेलं असू दे. फिफाच्या नियमांनुसार दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन पैसे भरायला किमान 15 दिवस द्यायचे. तरीही मिळाला नाही तर सबळ कारणाने करार मोडता येतो. व्हॉट्सअॅपवरच्या रागाच्या ऑडिओला नोटीस म्हणत नाहीत.

ता. क. बुटांचे दोन जोड ने, गवताचा आणि टर्फचा, म्हणजे कृत्रिम गवताचा. टर्फवर लांब स्टड अडकतो, पाय तिथेच राहतो आणि गुडघा फिरतो. दोन्ही जोड प्रवासाआधी निदान दोन आठवडे सरावात वापर. नवा जोड थेट सामन्यात घातलास तर टाचेला फोड येणारच.