ग्राउंड स्टेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये इंटर्नशिप: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उपग्रहांच्या ग्राउंड सिस्टीममध्ये इंटर्नला नेमकं काय काम मिळतं? (विद्यार्थिनी, निफाड)

उपग्रह वर गेला की त्याच्याशी आपला संबंध उरतो तो फक्त रेडिओ संदेशांचा. बॅटरीचं व्होल्टेज, तापमान, दिशा असं सगळं तो कळवत राहतो, ती टेलिमेट्री. आपण पाठवतो त्या आज्ञा म्हणजे टेलिकमांड. पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह जमिनीवरच्या एका संदेश केंद्राच्या, म्हणजे ग्राउंड स्टेशनच्या, आभाळात एका वेळी जेमतेम दहा-बारा मिनिटं असतो. तेवढ्यात अँटेना त्याच्यामागे फिरवायची, डेटा उतरवायचा, आज्ञा द्यायच्या. ही वेळापत्रकं, डेटाची पाकिटं उलगडणारे डिकोडर, आकडा मर्यादेबाहेर गेला की येणारा इशारा, हे सगळं सॉफ्टवेअरचं काम.

इंटर्नच्या वाट्याला बहुधा चाचण्या लिहिणं आणि लॉग चाळणं येतं. ते दुय्यम समजू नकोस. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोहोचून नष्ट झालं. जमिनीवरच्या एका प्रोग्रॅमने थ्रस्टरच्या, म्हणजे यानाची दिशा-गती बदलणाऱ्या छोट्या इंजिनांच्या, आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले होते आणि पुढच्या प्रोग्रॅमने ते न्यूटन-सेकंद समजून मार्ग काढला. दोन प्रोग्रॅमच्या सांध्यावर एकक तपासणारी चाचणी लिहिणं इंटर्नच्या सहज आवाक्यातलं आहे.

प्रश्न: आमच्या कॉलेजकडे ना उपग्रह, ना अँटेना. प्रकल्प कशावर करायचा? रिसीव्हर विकत घेऊ का? (विद्यार्थी, सातपूर)

खरेदीची घाई नको. नोआ या अमेरिकी हवामान संस्थेच्या उपग्रहांची चित्रं उतरवण्याचे जुने व्हिडिओ पाहून पुष्कळजण सामान आणतात, पण त्यांतले नोआ-१५, १८ आणि १९ हे उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले.

त्यापेक्षा सॅटनॉग्ज पाहा. जगभरच्या हौशी मंडळींच्या स्टेशनांचं हे खुलं जाळं आहे आणि खऱ्या उपग्रहांकडून आलेली पाकिटं तिथे फुकट मिळतात. एक लहान उपग्रह निवड, त्याच्या पाकिटाची रचना शोध आणि पायथनमध्ये स्वतःचा डिकोडर लिही. मग बॅटरीच्या व्होल्टेजचा आलेख काढ. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की सौरपट्ट्यांची वीज थांबते आणि व्होल्टेज उतरू लागतं. कक्षेच्या माहितीवरून सावलीची वेळ तू स्वतंत्रपणे काढ आणि दोन्ही जुळतात का बघ. वेळा सगळीकडे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतच ठेव. साडेपाच तासांचा घोळ इथेच होतो. नोंदी तुटक असतील, काही पाकिटं खराबही निघतील. त्यांचं काय केलंस तेही लिहून ठेव, कारण मुलाखतीत मी सर्वांत आधी तेच विचारेन. आलेख दाखवायला नासाचं ओपन एमसीटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

आणि एकदा नाशिक-पुणे रस्त्याने नारायणगावजवळच्या खोडदला जा. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं. तिथल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना रेडिओ खगोलशास्त्रासाठी उभारल्या आहेत, तरी ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या शियापारेली यानाचा क्षीण संदेश त्यांनीच टिपला होता.

प्रश्न: एका संस्थेने पैसे भरल्यास मुलीला ‘नासाची इंटर्नशिप’ मिळवून देऊ असं सांगितलंय. भरावेत का? (पालक, सिडको)

एक रुपयाही भरू नका. नासाच्या नेहमीच्या इंटर्नशिपसाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं आणि युरोपीय अंतराळ संस्थेची दारं प्रामुख्याने तिच्या सदस्य देशांतल्या विद्यार्थ्यांना उघडी असतात. प्रमाणपत्र हाती पडेल, पण त्याला कामाच्या ठिकाणी किंमत नसते.

मुलीने इस्रोच्या केंद्रांच्या अधिकृत संकेतस्थळांवर लक्ष ठेवावं. उपग्रहांचा माग ठेवणारं इस्ट्रॅक बेंगळुरूला आहे. दूरच्या मोहिमांसाठी जवळच ब्यालालूला ३२ मीटरची अँटेना आहे. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणारे, उपग्रह हासन आणि भोपाळहून सांभाळले जातात, तर पृथ्वीच्या निरीक्षणाचा डेटा हैदराबादजवळ शादनगरला उतरतो. विद्यावेतन मिळेल असं गृहीत धरू नका. तुम्हाला खर्च करायचाच असेल, तर तिथल्या राहण्या-जेवणासाठी पैसे बाजूला ठेवा. खासगी कंपन्यांचाही विचार करा. हैदराबादची ध्रुव स्पेस ग्राउंड स्टेशनचंही काम करते.

प्रश्न: मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी, कोडिंग जेमतेम. मला संधी आहे? (सिन्नर)

नक्की आहे. उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना संदेशाची फ्रिक्वेन्सी सरकते. हा डॉप्लर परिणाम समजून तो ग्नू रेडिओ या रेडिओ संदेशांवर काम करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करणारा मुलगा टीमला हवाच असतो. पायथन आणि लिनक्स मात्र या सेमिस्टरलाच सुरू कर.