डॉक्टरांनी कुत्र्याला मेलॉक्सिकॅम (वेदनाशामक) दिलंय, पण तो अजून लंगडतोय. डोस वाढवू का, की घरातली कॉम्बिफ्लाम देऊ?

दोन्ही नको. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं, ते कुत्र्याच्या पोटात अल्सर करतं आणि किडनीवरही जातं. डायक्लोफेनॅक हे माणसांचं वेदनाशामकही तसंच घातक.

मेलॉक्सिकॅमचा नेहमीचा हिशोब असा: पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिग्रॅ, नंतर दिवसातून एकदाच ०.१. म्हणजे १२ किलोच्या कुत्र्याला रोज १.२ मिग्रॅ. माणसांची गोळी ७.५ किंवा १५ मिग्रॅची असते, अर्धी मोडून दिली तरी किमान तिप्पट डोस होतो! म्हणून सिरप, तेही सोबतच्या सिरिंजनेच मोजून. चमच्याने अंदाजपंचे नको. आमच्याकडे सिरप दहीभातात कालवून जातं. उपाशीपोटी देत नाही.

खाज-ॲलर्जीसाठी प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉईड चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, ही जोडी आतड्याला भोक पाडू शकते. एक वेदनाशामक बंद करून दुसरं सुरू करतानाही साधारण ५ ते ७ दिवसांचं अंतर ठेवतात.

उलटी, जेवण सोडणं, डांबरासारखी काळी शी, यातलं एक जरी दिसलं तरी पुढचा डोस थांबवून फोन करा. हगवण लागलेल्या, पाणी न पिणाऱ्या कुत्र्याला तर विचारल्याशिवाय देऊच नका. औषध महिनोन्‌महिने चालणार असेल तर आधी क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि लिव्हरची रक्ततपासणी मागून घ्या.

लंगडणं कमी होत नसेल तर पुन्हा दाखवा. कधी कधी पंजात नुसता काटा असतो.