एअरबीएनबीसारख्या प्लॅटफॉर्मशिवाय होमस्टेचं बुकिंग थेट घेता येतं का?

तारकर्लीच्या दोन खोल्यांसाठी तुम्ही विचारलंय. हो, नक्की घ्या! दोन रात्रींचे ६,००० रुपये आणि प्लॅटफॉर्मचं कमिशन १५ टक्के धरलं, तर त्यांच्याकडून आलेल्या बुकिंगला ९०० रुपये हातचे जातात. दोन माणसांचं माशाचं जेवण त्यात सहज निघतं.

पण खरी डोकेदुखी कॅलेंडरची. एअरबीएनबी, बुकिंग डॉट कॉम आणि आपलं ऑनलाइन कॅलेंडर यांच्यातल्या भरलेल्या तारखा एकमेकांना कळवणारी आयकॅल लिंक लगेच अपडेट होत नाही, कधी काही तास जातात. गेल्या शिमग्याला मी फोनवर खोली दिली आणि तीच खोली तासाभरात ऑनलाइनही गेली. रात्री नऊला दोन कुटुंबं बॅगा घेऊन ओटीवर उभी! त्या लहान मुलांचे पेंगुळलेले चेहरे अजून आठवतात. तेव्हापासून फोन ठेवायच्या आधी मी ती तारीख सगळीकडे हाताने बंद करते.

निम्मी रक्कम यूपीआयने आगाऊ घ्या. तारखा, माणसं, रद्द केल्यास किती परत, हे व्हॉट्सॲपवर लिहून द्या. गूगल मॅप्सवर घराचे खरे फोटो टाका, नवे पाहुणे तिथूनच येतात. प्लॅटफॉर्मवर चौकशी करणाऱ्याला मात्र परस्पर फोनवर वळवू नका, ते नियमाबाहेर आहे. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती सरकारला देणारा फॉर्म (पूर्वीचा सी-फॉर्म) तो आल्यापासून २४ तासांत ऑनलाइन भरावाच लागतो.

ब्लॉकचेनवरच्या बुकिंगचंही विचारलंत. त्यातलं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ठरलेली अट पुरी झाली की आपोआप पैसे सोडणारा प्रोग्राम, पैसे नीट राखून ठेवेल, पण खोलीत पाणी नव्हतं हे त्याला कोण सांगणार? दोन खोल्यांसाठी तूर्त त्यात पडू नका.