यॉर्कला सात वर्षांच्या मुलीला घेऊन संध्याकाळच्या घोस्ट वॉकला (गाइडमागे भुतांच्या गोष्टी ऐकत फिरायचं ते) जावं का? घाबरेल का?

तुमचा प्रश्न वाचून खरं तर पुढे जाणार होतो, पण शेवटी तुम्ही लिहिलंय ना की 'सासूबाई म्हणतात अशा गोष्टींनी लहान मुलांच्या मनावर परिणाम होतो', तिथे अडकलो. हेच वाक्य, शब्दसुद्धा तेच, मी गेली पस्तीस वर्षं माझ्या सख्ख्या बहिणीकडून ऐकतोय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी उत्तर देऊन टाकतो. जा. मुलगी भुतांना घाबरणार नाही. कशाला घाबरू शकते ते पुढे सांगतो.

आता मी का बोलतोय. मी कसबा पेठेतला, आमच्या वाड्यातून शनिवारवाडा चालत पाच मिनिटं. गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये लीड्सला आहे, तिथून यॉर्क ट्रेनने अर्धा तास, त्यामुळे भारतातून पाहुणे आले की यॉर्क ठरलेलं. लहानपणी आमची आजी आम्हाला नारायणरावाची गोष्ट सांगायची. तुम्ही मराठी आहात म्हणजे गोष्ट माहितीच आहे, 'काका मला वाचवा' वगैरे. पण आजीची सांगायची पद्धत वेगळी होती. ती भूत सांगायचीच नाही. 1773 साल, गणपतीचे दिवस, भर दुपारची वेळ, गारदी पगार थकला म्हणून ओरडत वाड्यात घुसले आणि अठरा वर्षांचा पोरगा जीव घेऊन काकाच्या खोलीकडे पळाला. 'ध'चा 'मा' आनंदीबाईने केला असं लोक म्हणतात, ते खरं की खोटं माहीत नाही, पण काका तिथेच होता आणि पोरगं मेलं हे खरं, असं ती म्हणायची. आणि प्रत्येक वेळी एका माणसाचं नाव घ्यायची, चापाजी टिळेकर, नोकर होता, मालकाला वाचवायला मध्ये पडला आणि मेला. 'पेशव्याचं नाव सगळे घेतात, याचं कोण घेणार,' असं म्हणून पान लावायला घ्यायची. मला त्या गोष्टीची भीती कधीच वाटली नाही. वाईट वाटायचं, तो भाग वेगळा.

(आणि हो, खून दुपारी झालाय. हे जे रीलवाले रात्री दिल्ली दरवाज्यासमोर उभे राहून कुजबुजत बोलतात, त्यांना कोणीतरी हे सांगा. ज्या नारायण दरवाज्याला या प्रकरणावरून नाव पडलं म्हणतात तो तर दुसऱ्या बाजूला आहे, तिकडे कोणी फिरकत नाही. आत आता आहे काय, 1828 च्या आगीनंतर उरलेली जोती आणि कारंज्यांचे हौद.)

तर मी आठ वर्षांचा असताना एका संध्याकाळी लाइट गेले होते, मी न्हाणीघरात पाय धुवायला गेलो आणि ताई आणि वाड्यातली आणखी दोन कार्टी, तिघांनी मिळून बाहेरून कडी घातली आणि दाराला तोंड लावून 'काका मला वाचवाऽऽ' सुरू केलं. आत मिट्ट काळोख, तापलेल्या बंबाचा धूर, आणि बाहेर ते तीन आवाज. किती वेळ ते माहीत नाही. मला तासभर वाटला, असेल दोन मिनिटं. त्यानंतर मी महिनाभर एकटा झोपलो नाही आणि इतर काही गोष्टी झाल्या ज्या इथे लिहीत नाही, गादी उन्हात टाकावी लागायची एवढं पुरे.

आणि घरात निष्कर्ष काय निघाला? आजीच्या गोष्टींमुळे पोराच्या मनावर परिणाम झाला. ताईने पहिल्यांदा म्हटलं, मग आईने, मग सगळ्यांनीच. आजीची गोष्ट बंद झाली. तिने ती परत कधीच सांगितली नाही, पुढे चार वर्षांनी ती गेली. ताईने पुढे तोच नियम स्वतःच्या घरात चालवला, मुलीला भुताची गोष्ट नाही, मारामारी नाही, गोष्टीत कोणी मेलं तर 'देवाघरी गेला' म्हणून पुढचं पान. पोरगी सात वर्षांची होईपर्यंत तिच्या एकाही गोष्टीत कोणी धड मेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत ताई, भावजी आणि भाची आमच्याकडे आले. माझा मुलगा तेव्हा नऊचा. त्याच्या शाळेतल्या कोणीतरी सांगितलेलं, त्यामुळे घोस्ट वॉक हवाच. ताई म्हणाली तुम्ही जा, आम्ही घरी थांबतो. भाची रडायला लागली. मग शेवटी 'मी सोबत असेन आणि मला वाटलं की लगेच परत फिरायचं' या अटीवर सगळे निघालो. भाचीच्या डोक्यावर माकडटोपी, अंगात दोन स्वेटर, वर माझं जॅकेट, घाबरवायला भुताला जागाच नव्हती.

यॉर्कमध्ये अशा वॉक रोज संध्याकाळी चार-पाच तरी निघतात. 1973 साली सुरू झालेली एक आहे जी स्वतःला जगातली पहिली म्हणवते, ती नदीकाठच्या किंग्ज आर्म्स पबपासून निघते, हा तोच पब जो ऊझ नदीला पूर आला की दरवेळी पाण्यात जातो आणि आत कुठल्या वर्षी पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा आहेत. आम्ही गेलो ती दुसरी होती, नाव घेत नाही, कारण पुढे कळेल. लांब काळा कोट, उंच टोपी, हातात काठी असा एक माणूस, आवाज असा की माइकची गरज नाही. तास-सव्वा तास चालायचं, मिन्स्टरच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या आजूबाजूला आणि मधल्या अरुंद गल्ल्यांतून. बोळ कसा असतो हे पुणेकराला समजवायला नको, तेच, फक्त स्वच्छ.

शॅम्बल्सला थांबलो, ती खाटकांची जुनी गल्ली, दुकानांच्या दर्शनी भागावर मांस टांगायचे आकडे अजून आहेत. तिथे त्याने मार्गारेट क्लिथरोचं नाव घेतलं, खाटकाची बायको होती, कॅथलिक पाद्र्यांना घरात लपवलं म्हणून 1586 मध्ये तिला मारलं, एवढंच सांगून पुढे गेला. मुलं होती म्हणून आवरतं घेतलं असावं, बरोबरच केलं. ताईने मला हळूच विचारलं, कसं मारलं? मी सांगितलं, अंगावर दार ठेवलं आणि वर दगड रचत गेले. ताई पुढची दहा मिनिटं गप्प होती. पन्नाशीला आलेली बाई. परिणाम झाला तो तिच्या मनावर, आणि तोही भुताने नाही.

मग ट्रेझरर्स हाउसच्या बाहेर उभे राहिलो आणि त्याने ती प्रसिद्ध गोष्ट काढली. तुम्ही कुठलीही वॉक घेतलीत तरी ही ऐकायला मिळेल बहुतेक. 1953 साल, हॅरी मार्टिनडेल नावाचा अठरा वर्षांचा शिकाऊ प्लंबर या घराच्या तळघरात शिडीवर चढून हीटिंगच्या पाइपचं काम करत होता. तुतारीचा आवाज आला, भिंतीतून घोडा बाहेर आला आणि त्याच्या मागून दोघं-दोघं करत रोमन सैनिक, दमलेले, मळलेले, आणि गंमत म्हणजे सगळे फक्त गुडघ्यापासून वर दिसत होते. हा शिडीवरून पडला आणि कोपऱ्यात बसून बघत राहिला. तळघरात एका ठिकाणी जमीन खणलेली होती, सैनिक तिथे आले तेव्हा त्यांचे पाय दिसले. जुना रोमन रस्ता फूट-सव्वा फूट खाली होता, ते आपल्या रस्त्याने चालले होते, आपली जमीन मध्ये आली त्याला ते काय करणार. वर आल्यावर तिथला म्हातारा केअरटेकर त्याचा चेहरा बघून म्हणाला की तू रोमन बघितलेस वाटतं. मार्टिनडेल पुढे पोलिसात गेला आणि हे सगळं बाहेर बोलायला त्याने वीसेक वर्षं लावली. लोक हसायचे म्हणे, कारण त्याने ढाली गोल सांगितल्या आणि रोमन ढाल म्हणजे चौकोनी असा सगळ्यांचा समज. नंतर कळलं की शेवटच्या काळात गोल ढालीही वापरत होते.

खरं की खोटं ते सोडा. भाचीचा चेहरा बघायला हवा होता. सगळी मंडळी शांत असताना हिने हात वर केला, शाळेत करतात तसा, आणि विचारलं, मग त्यांना आपण दिसत होतो का? तो काळ्या कोटवाला क्षणभर थांबला, म्हणाला की हे मला आजवर कोणी विचारलं नाही. (दर आठवड्याला म्हणत असेल, पण पोरगी खूश.) ताई बघत होती. मी ताईकडे बघत होतो.

आणि मग माती खाल्ली. शेवटच्या बोळात तो काहीतरी हळू आवाजात सांगत होता, सगळे पुढे वाकलेले, आणि मागच्या दाराच्या काळोखातून त्यांचाच दुसरा माणूस मुखवटा घालून किंचाळत अंगावर आला. मोठे लोक हसले. एक अगदी लहान गोरं पोर भोकाड पसरून रडायला लागलं आणि माझा चिरंजीव, जो सबंध वाटभर 'इट्स ऑल फेक बाबा' करत होता, तो माझ्या कोटात घुसला तो पार्किंगपर्यंत बाहेर आला नाही. रात्री दिवा चालू ठेवून झोपला, पुढचे चार दिवस. भाची? तिला दचकायला झालं, हसली, आणि घरी येऊन कार्पेटवर गुडघ्यांवर चालायला लागली. रोमन सैनिक. भावजींनाही चालायला लावलं.

म्हणजे बघा, एवढ्या मेलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकून कोणाला काही झालं नाही, झालं ते एका जिवंत माणसाच्या किंचाळण्याने. मी पस्तीस वर्षं हेच सांगतोय. गोष्ट पोरांना पेलते, काळोखात कोणी अंगावर आलेलं पेलत नाही.

त्यामुळे तुम्ही तिकीट काढायच्या आधी सरळ विचारा, मध्ये कोणी अंगावर उडी मारतं का. मारत असेल तर दुसरी घ्या, पर्याय भरपूर आहेत. जून-जुलैत जाऊ नका, साडेसातला लख्ख ऊन असतं आणि उन्हात भूत सांगणारा माणूस केविलवाणा दिसतो. आधी बाथरूमला नेऊन आणा, मध्ये सोय नाही. बाबागाडी दगडी रस्त्यावर खडखडते, पूर्ण वेळ शिव्या घालाल. पैशांचं म्हणाल तर आम्हाला नंतर खाल्लेले फिश अँड चिप्स जास्त महाग पडले. गाइडच्या यॉर्कशायरी उच्चारातलं निम्मं मुलीला कळणार नाही, तुम्हालाही नाही, तर मार्टिनडेलची गोष्ट घरूनच सांगून न्या. आणि एक राहिलं, मुलगी मुळातच अंधाराला फार घाबरत असेल, रात्री दचकून उठत असेल तर माझं काही ऐकू नका, पुढच्या वर्षी जा. मी काही डॉक्टर नाही. एकाच भाचीच्या आणि एकाच मुलाच्या जोरावर बोलतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने विचारलं, मामा, पुण्यात असं कोणी आहे का? ताई ओट्यापाशी पोह्यांना कांदा चिरत होती, पाठ आमच्याकडे. मी नारायणरावाची गोष्ट सांगितली. आजीसारखी, दुपारपासून, गारद्यांपासून, काही देवाघरी वगैरे नाही. भाचीने दोनच प्रश्न विचारले, काकाने दार का नाही लावून घेतलं, आणि त्याला कोणीच वाचवायला गेलं नाही का? मी म्हटलं, गेला एक जण, त्याचा नोकर, चापाजी म्हणून. आणि मागे न वळता ताई म्हणाली, 'टिळेकर. आडनाव सांग तिला.'

मला वाटलं आता हिला पटलं. पोहे खाताना विषय काढला, म्हटलं ताई, काल बघितलंस ना, पोरगं कशाने घाबरलं ते, आता तरी मान्य कर की तेव्हा आजीचं काही चुकलं नव्हतं, तुम्ही कडी घातली होती. तर म्हणते, आम्ही नुसतं ओरडलो, कडी आम्ही नव्हती घातली, ती आपोआप लागली असेल. आपोआप! जी बाई भुताचं नाव काढू देत नाही ती म्हणते कडी आपोआप लागली. मी म्हटलं कशी? तर वाऱ्याने. न्हाणीघर मागच्या चौकात, तिन्ही बाजूंनी भिंती, कडी लोखंडाची, गंजलेली, दोन हातांनी उचलून कोयंड्यात अडकवावी लागायची. वाडा पाडून आता तिथे पाच मजली बिल्डिंग झाली आहे म्हणून हिचं फावतंय, नाहीतर नेऊन दाखवली असती. हे उत्तर तिला व्हॉट्सॲपवर पाठवतोय. वारा म्हणे.